गिट म्हणजे कोडची फेरफार नोंदवही

मागच्या वर्षी मॅडमनी विचारलं, "हा ग्राफ नेमका कुठल्या कोडमधून आला?" माझ्या फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल२', 'खरंच फायनल' अशा ११ फाइली. एकीतूनही तो ग्राफ पुन्हा निघेना. आठवडा घालवला आणि शेवटी ग्राफच पेपरमधून काढून टाकला.

तुमचंही असं होत असेल तर गिट शिकाच. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये ते लिनक्सच्या कामासाठी लिहिलं. (गिट आणि गिटहब एक नव्हे. गिट तुमच्या लॅपटॉपवर चालतं. गिटहब ही ते काम ऑनलाइन ठेवायची एक जागा.)

श्रीपूरला घरी हे समजावताना मला सातबारा कामी आला. जमीन आज कोणाच्या नावावर आहे हे सातबारा सांगतो. ती तशी कशी झाली, हे फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये असतं. खरेदी, वारस, वाटप... प्रत्येक बदलाला नंबर, तारीख, कारण. गिटमधली 'कमिट' म्हणजे असा एक फेरफार. म्हणून कमिट करताना "बदल केला" एवढंच लिहू नका. "पावसाचे रिकामे आकडे शून्य धरले जात होते, ते वगळले" असं लिहा. सहा महिन्यांनी ते वाचणारे तुम्हीच असता!

तलाठ्याने नोंद घेतली म्हणून ती लगेच पक्की होत नाही. नोटीस निघते, हरकतीला मुदत असते, मग मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात. गिटहबवरची 'पुल रिक्वेस्ट' साधारण अशीच: आधी दुसरा माणूस बदल वाचतो, मग तो मुख्य कोडमध्ये जातो.

इथून पुढे मात्र सातबारा साथ सोडतो. एका गटाचे दोन सातबारे एकाच वेळी चालत नाहीत. गिटमध्ये दोघं आपापल्या 'ब्रँच'वर काम करतात आणि नंतर 'मर्ज' करतात. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर गिट थांबतं, दोन्ही ओळी समोर ठेवतं आणि तुम्हाला निवडायला सांगतं. नवखा माणूस इथे घाबरतो. मला खरी भीती उलट वाटते, गिट थांबत नाही तेव्हाची. माझ्या सहकाऱ्याने एका ओळीत उसाचं वजन क्विंटलवरून टनावर नेलं. मी दुसरीकडे क्विंटल धरूनच नवं गणित लिहिलं. ओळी वेगळ्या, त्यामुळे मर्ज बिनबोभाट झालं आणि एकरी उतारा दहापट चुकला. आता प्रत्येक मर्जनंतर एका प्लॉटचा वहीत हाताने काढलेला आकडा आम्ही ताडून बघतो.