गावची शाळा चालते कशी?

श्रोतेहो, गावच्या शाळेचे छप्पर गळू लागले, किंवा चौथीच्या वर्गाला गुरुजीच उरले नाहीत, म्हणजे पारावर दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, "सरकारची शाळा आहे, सरकार बघून घेईल." दुसरा म्हणतो, "झेडपीला सांगून काय उपयोग?" दोघांनाही शाळेविषयी आस्था आहे, पण गाऱ्हाणे न्यायचे कोणत्या दारी, हे दोघांनाही नीट ठाऊक नाही. ते चुकीच्या दारी गेले की कागद फिरत राहतो आणि पोरांचे वर्ष मात्र निघून जाते. म्हणून या शाळेचा कारभार कोण करतो, पैसा कुठून येतो आणि त्यात गावाचा हात कुठवर पोचतो, हे आज पाहू. उदाहरणाला आपला बारामती-इंदापूरचा मुलूख घेऊ.

गोष्ट तशी जुनी आहे. इंग्रजी अमदानीत, १८६० नंतरच्या दशकात, मुंबई इलाख्यात जमीनमहसुलाच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसला आणि त्यातला एक तृतीयांश शाळांसाठी राखला गेला. पैसा शेतकऱ्याचा, पण शाळा त्याच्या पोरापर्यंत पोचत नव्हती. १८८२ साली हंटर कमिशनपुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी नेमके यावर बोट ठेवले. महसूल कष्टकरी रयतेकडून येतो आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, असे त्यांचे म्हणणे. बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणीही त्यांनी केली. पैसा कुणाचा आणि तो खर्च होतो कुणावर, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

पुढे १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आला आणि १९४७ च्या कायद्याने जिल्हा स्कूल बोर्डांकडे गेला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा आला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यातली प्राथमिक शाळा त्यांच्या हाती आली. आजही बहुतेक गावांत शाळेच्या फलकावर "जिल्हा परिषद प्राथमिक शाळा" ही अक्षरे दिसतात, ती यामुळेच.

आता कारभाराची उतरंड पाहू. जिल्ह्याला लोकांनी निवडलेली जिल्हा परिषद आणि तिची शिक्षण समिती. प्रशासनाच्या बाजूला मुख्य कार्यकारी अधिकारी आणि त्यांच्या हाताखाली प्राथमिक विभागाचे शिक्षणाधिकारी. तालुक्याला पंचायत समिती. तिथे गटविकास अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी. त्यांच्या खाली विस्तार अधिकारी, मग आसपासच्या काही शाळांचे मिळून एक केंद्र आणि त्याचे केंद्रप्रमुख, आणि शेवटी मुख्याध्यापक. बारामतीच्या शाळेचा कागद बारामती पंचायत समितीत जातो, इंदापूरच्या शाळेचा इंदापुरात, आणि दोन्ही पुढे पुण्याला.

आणि पैसा? आपल्या भागाला नीरा डाव्या कालव्याची ओळख आहे, म्हणून त्याच भाषेत सांगतो. सगळ्यात मोठा प्रवाह राज्य सरकारचा. शिक्षकांचे पगार त्यातून होतात आणि शाळेवरच्या खर्चाचा सिंहाचा वाटा पगाराचाच असतो. दुसरा प्रवाह समग्र शिक्षा योजनेचा. ती २०१८ साली सुरू झाली. तिच्यात केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस. शाळेला पटाप्रमाणे जे वार्षिक अनुदान मिळते ते यातले; केंद्राच्या नियमानुसार १०१ ते २५० पटाच्या शाळेला ते पन्नास हजार रुपयांपर्यंत असते. शाळेतला पोषण आहारही केंद्र आणि राज्य यांच्या वाट्यातूनच शिजतो. तिसरी, बारीक चारी म्हणजे जिल्हा परिषदेचा स्वनिधी, ज्याला कचेरीत सेस म्हणतात. खोल्यांसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी जिल्हा नियोजन समितीचा निधीही येतो. चौथा झरा गावाचा, म्हणजे ग्रामपंचायतीचा निधी आणि लोकवर्गणी.

अमेरिकेत रीत निराळी आहे. तिथे सार्वजनिक शाळांचे वेगळे जिल्हे असतात, सुमारे तेरा हजार. बहुतेक ठिकाणी लोक शाळेचे मंडळ थेट निवडून देतात आणि खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग स्थानिक करातून, मुख्यतः घरजमिनीच्या करातून, उभा राहतो. कर देणारा आणि शाळा पाहणारा एकच, म्हणून हिशोब विचारण्याची सवय असते. पण श्रीमंत वस्तीची शाळा श्रीमंत आणि गरीब वस्तीची गरीब, हा दोषही त्यातूनच येतो. आपल्याकडे पगार राज्य देते, म्हणून जिरायती वाडीच्या आणि बागायती गावच्या गुरुजींची वेतनश्रेणी एकच. हा मोठा लाभ आहे. तोटा असा की पैसा वरून येतो, तेव्हा विचारणेही वरच्यांचेच काम, असे गाव समजू लागते.

पण कायदा तसे म्हणत नाही. २००९ साली मुलांच्या सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक आणि एकूण निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. अध्यक्ष पालकांतून निवडायचा. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणे, आलेल्या अनुदानाचा खर्च तपासणे आणि शाळेचा विकास आराखडा करणे ही तिची कामे. मार्च २०२२ मध्ये पुणे जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे काही वर्षे निवडणूक न होता प्रशासकाच्या हाती कारभार राहिला. त्या काळात सदस्य नव्हते, सभापती नव्हते. पण ही समिती गावोगाव होती. जिथे ती जागी होती तिथे विचारणारे कुणीतरी होते.

आता दारांचा हिशोब. खिडकीची काच, नळ, खडू, किरकोळ डागडुजी असेल तर समितीची बैठक आणि वार्षिक अनुदान. खोली धोक्याची झाली असेल तर समितीचा लेखी ठराव करून तो मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्यावा. बांधकाम विभागाचा अभियंता पाहणी करतो, अंदाजपत्रक होते. इमारत पाडायची असली तर निर्लेखनाची मंजुरी लागते. शिक्षक कमी असतील तर आधी पट पाहावा, कारण पदे संचमान्यतेत पटावरून ठरतात. कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. मंजूर पद असून रिकामे असेल तर ती मागणी जिल्हा परिषदेकडे; पदच मंजूर नसेल तर प्रश्न पटाचा.

पट म्हटला की साखर कारखाने आठवतात. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर भागात गळीत सुरू झाले की ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे येतात. त्यांच्या मुलांना जवळच्या शाळेत वर्षाच्या मध्येही बसता येते; दाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही. ती मुले शोधून शाळेत आणणे हेही समितीचे आणि शिक्षकांचे काम. कोप्यांवर एक फेरी मारली तर फुल्यांच्या मागणीतले थोडे तरी आपण पुरे केले असे होईल.

शेवटी जळोचीचे उदाहरण. बारामतीला लागून असलेले हे गाव नगरपरिषदेच्या हद्दीत आले. अशी हद्द वाढली की ग्रामपंचायत जाते, सरपंचाच्या जागी नगरसेवक येतो, घरपट्टी नगरपरिषदेत भरावी लागते. जिल्हा परिषदेची शाळा मात्र हद्दीबरोबर आपोआप हस्तांतरित होत नाही. तिला वेगळा निर्णय लागतो. तो होईपर्यंत रस्ता एकाचा आणि शाळा दुसऱ्याची, असा प्रकार होतो आणि दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवू शकतात. शहराच्या कडेला असलेल्या प्रत्येक गावाने हे ध्यानात ठेवावे. शाळेची जागा कुणाच्या नावे आहे आणि शिक्षकांची आस्थापना कुणाकडे आहे, या दोन गोष्टी समितीने मुख्याध्यापकांकडून लेखी घेऊन ठेवाव्यात.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. समितीची बैठक केवळ सह्यांपुरती घेऊ नका. जमाखर्च फळ्यावर लिहा, मोठ्याने वाचून दाखवा. आणि पालकहो, मजुरीचा अर्धा दिवस बुडतो हे खरे. तरी बैठकीला जा. तिथे तीनच प्रश्न विचारा: यंदा शाळेला किती रुपये आले, ते कशावर गेले, आणि आपल्या ठरावाला उत्तर आले का? कालव्याला पाणी सुटले तरी चारीच्या तोंडाशी माणूस उभा नसेल तर शेवटचे शेत कोरडे राहते, हे इंदापूरकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको.