नमुन्याचा जमाखर्च कुणाचा असावा?

घरखर्च, हप्ते आणि गुंतवणूक यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर रिकामं दाखवलं, तर बघणाऱ्याला काहीच उमगत नाही. म्हणून नागपुरातली सीए कार्यालयं असोत, आयटी पार्कमधल्या लहान कंपन्या असोत की अभियांत्रिकीचे विद्यार्थी, प्रात्यक्षिकाच्या वेळी कुणाची तरी माहिती भरावीच लागते. मग सोपी वाट सुचते : एखाद्या ग्राहकाचं बँक स्टेटमेंट घ्यायचं आणि वरचं नाव पुसायचं.

‘नाव काढलं, आता कोण ओळखणार?’ या विषयातला सर्वांत घातक गैरसमज हाच. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ११ लाख लोकांचे तीन महिन्यांचे कार्डव्यवहार संशोधकांनी तपासले. त्यात नावं नव्हती, खाते क्रमांकही नव्हते. तरीही एखाद्यानं कोणत्या दिवशी कुठे खरेदी केली अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या, तर ९० टक्के लोक त्या गर्दीतून नेमके वेगळे काढता येत होते. धरमपेठेतल्या शाळेची फी, रामदासपेठेतल्या रुग्णालयाचं बिल, दर महिन्याला त्याच दुकानातून घेतलेली औषधं, एका पतसंस्थेचा हप्ता, एवढं दिसलं की शेजाऱ्याला किंवा कचेरीतल्या सहकाऱ्याला वेगळं नाव सांगावं लागत नाही.

शिवाय यूपीआयच्या नोंदीत समोरच्याचंही नाव छापलेलं असतं. खातेदाराचं नाव गेलं तरी त्याचा घरमालक, डॉक्टर आणि घरकामाच्या ताई पडद्यावर तशाच राहतात, आणि त्यांना तर कुणी विचारलेलंही नसतं. सगळ्या रकमांना एकाच आकड्यानं गुणून भागत नाही. शाळेची फी ठाऊक असलेला माणूस तो गुणक लगेच काढतो आणि मग पगारही उघडा पडतो.

‘ग्राहक ओळखीचा आहे, त्याची हरकत नसते.’ विवरणपत्र भरण्यासाठी दिलेली कागदपत्रं त्या कामापुरतीच असतात. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यात नागपूरचे शरद बोबडेही होते. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यानंही संमती विशिष्ट हेतूशी बांधली आहे. सुरक्षेत हयगय झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे.

‘मनानं टाकलेले आकडे खोटेच असतात.’ मोबाइलचं गणित करून पाहा. ६ ते ९ या आकड्यांनी सुरू होणारे दहा अंकी क्रमांक होतात ४०० कोटी, आणि देशात मोबाइल जोडण्या आहेत शंभर कोटींहून जास्त. म्हणजे मनानं लिहिलेल्या साधारण चार क्रमांकांतला एक कुणाच्या तरी खिशात वाजू शकतो. त्यापेक्षा ०ने सुरू होणारा दहा अंकी क्रमांक घ्यावा. आधार क्रमांक ० किंवा १ने सुरू होत नाही, तेव्हा नमुन्यात ० किंवा १ने सुरू होणाराच वापरावा. पॅनमधलं चौथं अक्षर धारकाचा प्रकार सांगतं : व्यक्तीसाठी पी, कंपनीसाठी सी, हिंदू अविभक्त कुटुंबासाठी एच. डी हा प्रकारच नाही, त्यामुळे ‘एबीसीडीई १२३४ एफ’ कुणाचाही असू शकत नाही. आयएफएससीत पाचवी जागा शून्याची असते. तिथे दुसरं काही घातलं की तो कोड कुठल्याच शाखेचा उरत नाही. ईमेलसाठी ‘एक्झाम्पल डॉट कॉम’ हे नाव १९९९पासून उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे. सॉफ्टवेअर असे क्रमांक नाकारत असेल, तर प्रात्यक्षिकापुरती ती तपासणी सैल करावी. त्यासाठी खरा क्रमांक वापरू नये.

‘बनवलेली माहिती खरी वाटत नाही.’ दर महिन्याला १०,००० खर्च आणि ५,००० बचत लिहिली, तर नाहीच वाटणार. पण एक काल्पनिक कुटुंब नीट रचून बघा. मे महिन्यात कूलर रात्रंदिवस चालतो, म्हणून विजेचं बिल चढतं. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा वह्या-पुस्तकं आणि गणवेशाचा खर्च एकदम येतो. काटोलकडे संत्र्याची बाग असेल तर आंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या आसपास आणि मृगाचा उन्हाळ्याच्या तोंडाशी येतो, मधले महिने कोरडे जातात. अनियमित उत्पन्न सॉफ्टवेअर कसं सांभाळतं हे पगारदाराच्या स्टेटमेंटवरून कधीच दाखवता येत नाही, ते इथे दिसतं. त्यात एक फसलेला यूपीआय व्यवहार, एक परतावा, एटीएममधून काढलेली आणि हिशेब न लागलेली रोकड आणि शिल्लक संपलेला एखादा महिना घालावा. खऱ्या ग्राहकाच्या तीन महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये एवढं सगळं क्वचितच सापडतं.

राहिला लॅपटॉप. नमुना निर्दोष असला, तरी ‘अलीकडच्या फाइली’च्या यादीत खऱ्या ग्राहकांची नावं दिसतात, आणि ऐन प्रात्यक्षिकात बँकेचा संदेश पडद्यावर झळकतो. प्रात्यक्षिकासाठी संगणकावर वेगळं खातं उघडावं, सूचना बंद ठेवाव्यात आणि प्रत्येक पानावर ‘नमुना’ असं ठळक लिहावं, म्हणजे कुणी फोटो काढून पुढे पाठवला तरी ते कुटुंब काल्पनिक असल्याचं त्यावरच दिसेल.