शहाणपण मागणारी पंडिता

बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातलं चौथं आणि पाचवं वचन शेजारी शेजारी आहे, पण दोघांचं एकमेकांशी पटत नाही. चौथं बजावतं की मूर्खाच्या तोंडी लागू नका, त्याच्यासारखेच होऊन बसाल. पाचवं म्हणतं, त्याला उत्तर द्याच, नाहीतर तो स्वतःला शहाणा समजू लागेल. प्राचीन ज्यू पंडितांनाही हे खटकलं होतं. अशा विसंगतींमुळे हे पुस्तक बाजूलाच ठेवावं की काय, अशी चर्चा झाल्याची नोंद तालमूद या ज्यू ग्रंथात आहे. पुस्तक राहिलं, दोन्ही वचनंही राहिली. कुठल्या मूर्खाला, कुठल्या वेळी, किती उत्तर द्यायचं हे पुस्तक सांगत नाही. ते ज्याचं त्याने ठरवायचं.

ख्रिस्ती श्रद्धेत ‘देवाकडचं शहाणपण’ म्हणतात ते असं आहे. बाहेरच्या माणसाला वाटतं, यांच्याकडे पवित्र शास्त्र आहे, दहा आज्ञा आहेत, रविवारची उपासना आहे, म्हणजे सगळी उत्तरं तयारच असणार. आतल्या काहींनाही तसंच वाटतं. नोकरी बदलायची, मुलीचं लग्न ठरवायचं, की डोळे मिटून बायबल उघडायचं, बोट ठेवायचं आणि येईल ते वचन देवाचा निरोप समजायचा, ही पद्धत मराठी ख्रिस्ती घरांना अनोळखी नाही. ‘देवाने मला सांगितलं’ असं म्हटलं की चर्चेला जागाच उरत नाही. मला हा शॉर्टकट कधी पटला नाही, आणि बायबललाही तो पटतो असं दिसत नाही.

नीतिसूत्रांचे विषयच बघा: तराजूतली लबाडी, दुसऱ्याला जामीन राहण्यातला धोका, रागाच्या भरात तोंडातून गेलेला शब्द, शेजाऱ्याकडे किती वेळा जावं. देवाचं शहाणपण इथे बाजारात आणि उंबरठ्यावर भेटतं. शिवाय ते कुणा एकाच्या मालकीचं नाही. २२ व्या अध्यायाच्या १७ व्या वचनापासून सुरू होणाऱ्या भागाचं आमेनेमोपे या इजिप्शियन ग्रंथाशी इतकं साम्य आहे की, १९२४ मध्ये जर्मन अभ्यासक आडोल्फ एर्मान याने ते दाखवून दिल्यापासून दोघांचं नातं अभ्यासक धरूनच चालतात. इस्राएलच्या शहाण्यांनी शेजारच्या देशातलं चांगलं ते घेतलं आणि आपल्या देवासमोर ठेवलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. शेवटचा अध्याय तर लमुएल नावाच्या राजाला त्याच्या आईने दिलेल्या शिकवणीने सुरू होतो.

हे शहाणपण मागणारा सर्वांत प्रसिद्ध माणूस म्हणजे शलमोन राजा. गिबोन येथे स्वप्नात देवाने विचारलं, काय हवं? त्याने दीर्घायुष्य मागितलं नाही, धन मागितलं नाही. प्रजेचा न्याय करता येईल असं, ऐकून घेणारं मन मागितलं. ही गोष्ट रविवारच्या शाळेत सगळे शिकतात. पुढची फारशी शिकवत नाहीत. त्याच शलमोनाने वेठबिगार लावली, प्रजेवर जड जू लादलं आणि म्हातारपणी त्याचं मन भरकटलं. त्याचा मुलगा रहबाम याने वडीलधाऱ्यांचा सल्ला झुगारून बरोबरीच्या पोरांचं ऐकलं आणि राज्य दुभंगलं. मागून मिळालेलं शहाणपण सांभाळलं नाही तर हातचं जातं, हे बायबल आपल्या सर्वांत शहाण्या राजाच्या बाबतीतच दाखवून देतं. मला ते फार प्रामाणिक वाटतं.

ईयोबाचं पुस्तक आणखी पुढे जातं. दुःखात बुडालेल्या ईयोबाला त्याचे मित्र धर्माला धरूनच बोलतात: तू पाप केलं असशील, म्हणून हे भोगतोस. ४२ व्या अध्यायात देव रागावतो तो या मित्रांवर. वाक्यं पाठ होती. समोरचा माणूस त्यांना दिसला नाही.

नव्या करारात याकोबाच्या पत्राने यावर कसोटी दिली. ज्याला शहाणपण कमी पडतं त्याने देवाकडे मागावं, तो देताना टोमणे मारत नाही, असं पहिल्या अध्यायात आहे. तिसऱ्यात शहाणपणाचे दोन प्रकार आहेत. एकातून मत्सर येतो आणि तट पडतात. वरून येणारं मात्र शुद्ध, शांतताप्रिय, सौम्य, दयेने भरलेलं आणि ढोंगाविना असतं. म्हणजे पारख शेवटी फळावरून. स्पेनच्या इग्नेशियस लोयोलाने १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत पाय मोडून अंथरुणावर पडल्यावर, मनात येणाऱ्या कुठल्या विचारामागून समाधान टिकतं आणि कुठल्यामागून कोरडेपणा येतो, हे टिपायला सुरुवात केली. त्यातून त्याच्या साधनेचे नियम झाले. त्यातला एक अजूनही व्यवहारात उपयोगी आहे: मन उदास, अंधारलेलं असताना आधी घेतलेला निर्णय बदलू नये.

पण हे सगळं पुस्तकात वाचणं वेगळं आणि एका आयुष्यात बघणं वेगळं. मराठीत त्यासाठी पंडिता रमाबाईंइतकं मोठं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला होता. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत भारतभर फिरलं. मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात आईवडील गेले, बहीण गेली. भावाबरोबर चालत चालत त्या १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. वय वीस. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावींशी नोंदणी विवाह झाला. १८८२ मध्ये पटकीने पती गेले. हातात तान्ही मनोरमा. एवढ्या काळात ज्ञानाची कमतरता त्यांना कधीच नव्हती. कमतरता कशाची होती, ते त्यांना पुढे इंग्लंडला गेल्यावर उमगलं.

वाँटेज येथील सिस्टरांच्या मठात त्या राहत होत्या. तिथल्या सिस्टरांनी त्यांना लंडनमध्ये फुलम इथलं काम दाखवलं. समाजाने टाकलेल्या बायकांना त्या घरात जवळ करून, माणूस म्हणून वागवलं जात होतं. रमाबाईंनी विचारलं, तुम्ही असं का करता? तेव्हा त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली विहिरीवरच्या शमरोनी बाईची गोष्ट सांगण्यात आली. आपल्या १९०७ च्या साक्षीत रमाबाईंनी हा प्रसंग नोंदवला आहे. शास्त्रार्थ जन्मभर ऐकलेल्या या बाईंना ओढलं ते एका घरातल्या वागणुकीने. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता कुणाला वाटेल, बाप्तिस्मा झाला, म्हणजे मान खाली घालून ऐकायचं. झालं उलटंच. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डीन या त्यांच्या आध्यात्मिक आई. दोघींचा पत्रव्यवहार वाचताना त्या काळच्या मिशनरी मंडळींची झालेली पंचाईत लपत नाही. त्रैक्याचा सिद्धान्त समजल्याशिवाय रमाबाई तो ओठांवर आणायला तयार नव्हत्या. शाकाहार त्यांनी सोडला नाही. क्रूसावरचे शब्द लॅटिनमध्येच का, आमच्या संस्कृतात का नकोत, असं त्यांनी विचारलं. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये असं भारतातल्या बिशपांचं मत पडलं, तेव्हा त्यांनी ते निमूटपणे मानलं नाही. त्यांच्या म्हणण्याचा रोख असा की देवाने आपल्याला विवेकबुद्धी दिली आहे. ती पाळकाच्या पायाशी ठेवून मोकळं होणं म्हणजे श्रद्धा नव्हे. जेराल्डीनना त्यात गर्व दिसला. थोडा होताही असेल. पण मागितलेलं शहाणपण आल्यावर ते आधी प्रश्न विचारतं, हे त्या पत्रांतून कळतं. पुढे १८९१ च्या सुमारास आपल्याला धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, अशी कबुली रमाबाईंनीच दिली.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ ‘शारदा सदन’ सुरू झालं. बॉस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं पैसा द्यायचं कबूल केलं होतं. वर्गात धर्म शिकवायचा नाही, मुलींनी आपापले आचार पाळायचे, हे ठरलेलं. पहिल्या मुलींतल्या गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. सदन पुण्याला आलं आणि एका खोलीच्या दारावरून वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचत, प्रार्थना करत. दार बंद नसे. मुली येऊन बसू लागल्या. दार लावून घ्या, असं हितचिंतकांचं म्हणणं. रमाबाईंनी नकार दिला: मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्याच घरात मी लपून प्रार्थना का करू? ‘केसरी’ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या दाराबद्दल आजही दोन मतं आहेत, आणि असावीत. विधवा मुलगी जिच्या आसऱ्याला आहे त्या बाईची प्रार्थना तिच्यावर परिणाम करणार, हे न कळण्याइतके रानडे भाबडे नव्हते. विश्वासाला तडा गेला असं त्यांना वाटलं तर त्यात वावगं काही नाही. दुसरीकडे, स्वतःची श्रद्धा लपवायला सांगणारी उदारता कसली, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नाही. माझा कौल रमाबाईंच्या बाजूने झुकतो, पण निर्धास्तपणे नाही. किंमत त्यांनी मोजली. त्याहून जास्त घरी परत गेलेल्या मुलींनी मोजली.

नंतरची त्यांची पावलं मात्र विलक्षण व्यवहारी आहेत. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबणार, हे लक्षात ठेवून त्यांनी पुणे–दौंड रेल्वेमार्गावरच्या केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडं लावली. संस्था स्वतःच्या पायावर उभी राहावी, एवढाच हेतू. मग १८९६-९७ चा दुष्काळ आला. ज्या बाईने कोवळ्या वयात उपासमारीने घरची माणसं जाताना पाहिली होती, ती मध्य प्रांतात जाऊन मुली गोळा करू लागली. प्लेगच्या दिवसांत या मुलींना पुण्यात ठेवायला मनाई झाली, तेव्हा फळबागेसाठी घेतलेल्या जमिनीवर त्यांच्यासाठी आसरा उभा राहिला. त्यातूनच पुढे मुक्ती मिशन झालं. १९०० च्या सुमारास तिथे दीड हजारांवर माणसं आणि शंभरावर गुरं होती. दृष्टिहीनांसाठी वेगळं सदन, आयुष्यात फसलेल्या बायकांसाठी वेगळं. विणकाम, गोठा, तेलाचा घाणा, शिवण, छापखाना.

याच काळात, १८९७ मध्ये, पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलात बायकांची होणारी हेळसांड त्यांनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर आणली. मुंबईच्या गव्हर्नरांनी ते आरोप फेटाळले, प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेलं. ख्रिस्ती झाल्या म्हणजे सरकारच्या झाल्या, असा हिशेब मांडणाऱ्यांनी हे पत्र जरूर आठवावं. कुठे गप्प बसायचं आणि कुठे उत्तर द्यायचं, हे या बाईंना कळत होतं.

१९०५ मध्ये मुक्तीत मोठं आध्यात्मिक संजीवन झालं, मुली तासन् तास रडत-प्रार्थना करत राहिल्या, हे जगभरच्या पेंटेकोस्टल इतिहासांत सापडतं. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला त्यापेक्षा छापखान्याची खोली महत्त्वाची वाटते. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत आणायला बसल्या. एक एक खिळा उचलून जुळवणी करणारे हात होते दुष्काळातून आलेल्या मुलींचे. कधी काळी ज्यांना अक्षर ओळखू दिलं नव्हतं, त्या आता शास्त्राची पानं लावत होत्या. कलकत्त्याची पंडिता आयुष्याच्या शेवटी सगळं पांडित्य या कामात घालत होती. याकोबाची कसोटी लावायचीच असेल तर ती इथे लावावी.

१९२१ मध्ये मनोरमा गेली. रमाबाईंचा सर्व कारभार तीच सांभाळणार होती. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. भाषांतर त्याआधी हातावेगळं झालं होतं. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. मुक्ती मिशन केडगावला आजही चालू आहे.

रमाबाईंवर मराठीत भक्तीने लिहिणारे आहेत आणि रागाने लिहिणारेही. दोघांनाही थोडं थांबवून रमाबाईंची पत्रं आधी वाचावीत. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो इंग्रजी पत्रसंग्रह महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला आहे. मोठ्या ग्रंथालयात विचारा. जेराल्डीनबरोबरच्या वादापासून सुरुवात करा, आणि कुणाचं बरोबर होतं ते तुम्हीच ठरवा.