मिनिकॉयचे गोडे पाणी

लक्षद्वीप म्हटले की निळा समुद्र आणि पांढरी वाळू डोळ्यांसमोर येते. जाहिरातींतले हे चित्र खोटे नाही. मात्र या द्वीपसमूहाच्या दक्षिण टोकाला असलेल्या मिनिकॉय बेटावरच्या माणसाच्या नजरेने पाहायचे, तर सुरुवात समुद्रापासून करून चालत नाही. ती घराच्या अंगणातल्या विहिरीपासून करावी लागते. रमजानच्या दिवसांत, मगरिबच्या अजानसोबत पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो तेव्हा, ही नजर अधिक नीट कळते.

कोचीपासून सुमारे 400 किलोमीटरवर अरबी समुद्रात असलेले हे बेट चंद्रकोरीच्या आकाराचे आहे. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरांहूनही कमी. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या दहा हजारांच्या थोडी वर. लक्षद्वीपची बाकीची वस्तीची बेटे उत्तरेला, ‘नाइन डिग्री चॅनेल’च्या पलीकडे राहिली. दक्षिणेला ‘एट डिग्री चॅनेल’ ओलांडला की मालदीव सुरू होतो. बेटावर नदी नाही, ओढा नाही, डोंगर नाही. जमीन म्हणजे प्रवाळाची वाळू, समुद्रापासून जेमतेम काही हात उंच.

मग विहिरीला गोडे पाणी येते कुठून? पावसाचे पाणी वाळूत झिरपते आणि खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. हा थर भिंगासारखा असतो, मध्ये जाड आणि कडेला पातळ. भरती-ओहोटीबरोबर विहिरीतली पातळीही वरखाली होते. पंप लावून भराभरा उपसा केला, की खालचे खारे पाणी वर चढते आणि एकदा खारावलेली विहीर लवकर सुधारत नाही. शोषखड्ड्यातले सांडपाणीही याच वाळूतून याच थरात उतरते. त्यामुळे एका घराने केलेली उधळपट्टी शेजारच्या घराच्या विहिरीत दिसते.

पिण्याच्या पाण्यासाठी चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने 2011 मध्ये येथे एक प्रकल्प उभारला. तसाच पहिला प्रकल्प 2005 मध्ये कवरत्तीला झाला होता. समुद्राच्या पृष्ठभागावरचे कोमट पाणी हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत सोडले, की त्यातल्या थोड्या भागाची वाफ होते. सुमारे 350 मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ गार केली, की गोडे पाणी मिळते. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. आकडा मोठा वाटतो, पण दहा हजार माणसांत वाटला तर माणशी दहा लिटर. पिणे आणि स्वयंपाक भागेल, एवढेच. बाकी सगळा भार त्या पातळ भिंगावर.

इस्लाममध्ये नमाजापूर्वी वुजू करतात, म्हणजे हात, तोंड, पाय धुऊन शुद्ध होतात. दिवसाच्या पाच नमाजा आणि रमजानमध्ये रात्रीची तरावीह. एवढ्या वेळा पाणी लागते, म्हणून ते किती वापरावे याचाही दंडक आहे. प्रेषित मुहम्मद (स.) एक मुद्द, म्हणजे लिटरभराहूनही कमी पाण्यात वुजू करीत, अशी नोंद हदीसमध्ये आहे. नळ सोडून वुजू करणाऱ्या शहरी माणसाला ही जुन्या अरबस्तानातली गोष्ट वाटते. पाच चौरस किलोमीटरच्या बेटावर ती आजच्या व्यवहारातली गोष्ट आहे.

समुद्राकडेही हे बेट असेच मोजून पाहते. येथला मुख्य मासा म्हणजे ट्यूना. तो पकडायला दूरवर जाळे पसरत नाहीत. आधी बेटाजवळच्या उथळ खाजणात, प्रवाळांच्या आसऱ्याने राहणारे बारीक मासे धरतात आणि होडीच्या पोटात समुद्राचे पाणी खेळते ठेवून त्यांना जिवंत राखतात. भर समुद्रात ट्यूनाचा थवा दिसला, की हे आमिष फेकतात, पाण्याचे फवारे उडवतात आणि काठीला बांधलेल्या गळाने एकेक मासा वर ओढतात. हा मासा उकडून, धुरावर आणि उन्हात वाळवला, की लाकडासारखा टणक होतो आणि महिनोन् महिने टिकतो.

या पद्धतीचा सगळा डोलारा बारक्या माशांवर आणि ते मासे प्रवाळांवर उभे आहेत. 1998, 2010 आणि 2016 या वर्षी समुद्र तापल्याने लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. प्रवाळ मेला तर आमिष नाही, आमिष नाही तर ट्यूना नाही. शिवाय लाटांचा जोर अडवणारी भिंतही तीच. पोहणाऱ्या पाहुण्याने प्रवाळावर पाय देऊ नये, असे बेटावर का सांगतात, ते यावरून लक्षात यावे.

एवढ्याशा जागेत दहा हजार माणसे राहायची, तर व्यवस्था लागते. मिनिकॉयमध्ये अकरा गावे आहेत. त्यांना ‘अवाह’ म्हणतात. प्रत्येक गावाचा निवडलेला वडीलधारा म्हणजे ‘बोडुकाका’. बोडु म्हणजे मोठा. मराठी माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागू नये! प्रत्येक गावाची रंगीत शर्यतीची होडी असते, तिला ‘जहाधोनी’ म्हणतात. घर आणि मालमत्ता आईच्या वंशाने पुढे जाते. बाहेरून पाहणाऱ्यांना जवळजवळ संपूर्ण मुस्लिम वस्तीत हे नवल वाटते. पण येथली पुरुषमंडळी पिढ्यान् पिढ्या जहाजांवर. मुंबई आणि कोलकात्याच्या बंदरांतून मिनिकॉयचे कित्येक खलाशी जगभर गेले. मागे राहिलेले घर आणि गाव बायकांनीच चालवले. प्रवाशाला रोजा पुढे ढकलून नंतर पूर्ण करण्याची मुभा कुरआनने दिली आहे. खलाशांच्या बेटावर या मुभेचे मोल वेगळे सांगायला नको.

येथली बोली माहल. मालदीवच्या दिवेहीचेच हे रूप. लिपी ‘थाना’, उर्दूसारखी उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. लिपी पाहून भाषा परकी वाटेल, पण तिचे कूळ मराठीचेच, इंडो-आर्यन. माशाला तिच्यात ‘मास’ म्हणतात. पाण्याला ‘फेन’. जुन्या ‘प’चा तिथे ‘फ’ झाला, एवढे ध्यानात घेतले की ‘फेन’मध्ये आपले ‘पाणी’ ओळखू येते. समुद्रात एवढ्या दूर आपल्या भाषेची नातलग भेटावी आणि तिने पाणी नि मासा याच दोन शब्दांनी ओळख द्यावी, एवढ्यासाठीसुद्धा या बेटावर जायला हवे.

पाहायला आणखीही आहे. इंग्रजांनी 1885 मध्ये बांधलेला दीपगृहाचा मनोरा आजही उभा आहे. एडन ते कोलंबो या वाटेवरच्या जहाजांना तो खूण दाखवीत आला. वरून सगळी चंद्रकोर, तिच्या कुशीतले खाजण आणि बाहेरचा काळा-निळा समुद्र एका नजरेत मावतो.

जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश-परवाना काढावा लागतो. कोचीहून जहाज सुटते. वस्तीच्या बेटांवर दारूबंदी आहे. रमजानमध्ये गेलात, तर दिवसा खाण्यापिण्याची सोय आधी विचारून ठेवावी. पाण्याच्या बाटल्या आणि प्लास्टिक वाळूत सोडू नये, परत घेऊन यावे. आंघोळीला शॉवर नको, बादली पुरे.

पर्यटक आले पाहिजेत, त्यांच्यामुळे बेटावरच्या तरुणांना रोजगार मिळेल, हे तिथे कोणी नाकारणार नाही. प्रश्न किती यायचे आणि कसे राहायचे, हा आहे. पातळ भिंगावर दोन-चार मोठी हॉटेले बसली आणि त्यांच्या पंपांनी विहिरी खारावल्या, तर पाहुणे पुढच्या जहाजाने परततील, बेटावरच्या बाईला मात्र त्याच विहिरीवर यावे लागेल. रोजा माणसाला दिवसभर पाण्यावाचून ठेवतो आणि संध्याकाळी त्याची किंमत समजावतो. मिनिकॉयला वर्षाचे बाराही महिने ती समजलेली आहे. तिथे जाऊन एक बादली पाण्यात दिवस काढायला शिकलेला पाहुणा बेटाला जड होणार नाही.