आजारी मासा आणि निरोगी पाणी



घरात मासे पाळलेले असले की कचेरीतून परतलेला माणूस चहाचा पेला हाती घेऊन आधी त्या काचेच्या पेटीसमोर जाऊन बसतो. पाण्यातील ती संथ, रंगीत हालचाल दिवसभराचा शीण हलका करते. परंतु एखाद्या संध्याकाळी एक मासा पर मिटून कोपऱ्यात निश्चल दिसतो, टाकलेल्या अन्नाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि आपल्या मनात पहिला विचार येतो तो औषधाचा. हा विचार स्वाभाविक असला, तरी पुष्कळदा तोच घातक ठरतो. हे मी स्वानुभवाने सांगत आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या पेटीत गप्पी आणि मॉली मिळून चौदा मासे होते. त्यांतील एका मॉलीचे शेपूट कडेने झिजू लागले. मी निळ्या औषधाची बाटली आणली आणि मोठ्या उदारपणे मात्रा सगळ्या पेटीत ओतली. तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले, चौथ्या दिवशी धडधाकट मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, आणि आठवडा संपेपर्यंत अकरा मासे गेले. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, आजारी तर एकच होता ना? मग बाकीचे का मेले?" त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधताना जे कळले, तेच आज आपणांसमोर ठेवतो.

मासा कल्ल्यांवाटे आणि विष्ठेवाटे पाण्यात सतत अमोनिया सोडीत असतो. हे त्याच्यासाठी विषच होय. नदीत ते वाहून जाते. पेटीत ते साठते. तरीही मासे जगतात, याचे श्रेय आपल्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाणूंना आहे. गाळणीच्या स्पंजावर आणि तळाच्या वाळूवर त्यांची वस्ती असते. काही जीवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, काही नायट्राइटचे नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र बरेच सौम्य असते आणि पाणी बदलले की निघून जाते. नव्या पेटीत ही वस्ती बसण्यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. मिथिलीन ब्ल्यूसारखे औषध रोगजंतू आणि हे उपकारक जीवाणू यांत भेद करीत नाही. मी औषध ओतले, तेव्हा आमच्या पेटीतील हे सफाई कामगारच मी मारून टाकले. माझे मासे मेले ते अमोनियाने.

म्हणून पहिला नियम असा, की जखमी झालेला किंवा शेपूट कुजू लागलेला मासा वेगळ्या टाकीत न्यावा. वीस लिटरची साधी टाकी पुरते. तिच्यात वाळू नको. हवेचा पंप, स्पंजाची गाळणी आणि लपण्यास मातीच्या कुंडीचा तुकडा असला म्हणजे झाले. एक जादा स्पंज मुख्य पेटीत नेहमी ठेवावा, म्हणजे वेळ येताच वस्ती झालेला स्पंज हाताशी असतो. औषधाची मात्रा पाण्याच्या मापाने ठरते. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणावी आणि हजाराने भागावे. उत्तर लिटरमध्ये येते. साठ, तीस आणि तीस म्हणजे चोपन्न लिटर. गाळणीत कोळसा असेल तर तो काढावा, कारण तो औषध शोषून घेतो. उपचार चालू असताना या टाकीतील थोडे पाणी रोज बदलावे आणि बदललेल्या पाण्यापुरतेच औषध पुन्हा घालावे. येथील जाळे व नळी मुख्य पेटीत वापरू नये.

या नियमास एक महत्त्वाचा अपवाद आहे, तो पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा. अंगावर मिठाचे कण शिंपडल्यासारखे दिसतात. हा परोपजीवी जीव माशाच्या त्वचेखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो, तेथे कोषात विभागून शेकडो पिल्ले सोडतो, आणि ती एक-दोन दिवसांत नवा मासा न मिळाल्यास मरतात. त्वचेखाली किंवा कोषात असताना त्याच्यावर औषध चालत नाही. पोहत्या पिल्लांवरच चालते. म्हणून ठिपके नाहीसे होताच उपचार थांबवू नये. एका माशावर ठिपके दिसले तर सारी पेटी बाधित समजावी. सर्व मासे उपचारासाठी पुरेशा मोठ्या टाकीत हलवावेत आणि मुख्य पेटी दोन आठवडे माशांवाचून ठेवावी. उबदार पाण्यात तेवढ्या काळात यजमानाअभावी रोगाचा वंश खुंटतो.

मुख्य पेटीला बहुधा औषध लागतच नाही. तिला नियमितपणा लागतो. दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाच्या पाण्यातील क्लोरिन माशांच्या कल्ल्यांना आणि जीवाणूंना बाधतो, म्हणून क्लोरिन काढणारे द्रावण वापरावे. स्पंज नळाखाली धुऊ नये. पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. नवा मासा कितीही तेजस्वी दिसला तरी तीन-चार आठवडे वेगळा ठेवावा. दुकानातून रोग आणण्याची पहिली वाट तीच असते. आणि आजारी मासा किंवा त्याचे पाणी विहिरीत, ओढ्यात कधीही सोडू नये. आपल्या घरचे दुखणे तेथल्या माशांना लागण्याचे भय असते.

मासा मलूल दिसताच प्रथम पाणी तपासावे. अमोनिया व नायट्राइट मोजण्याची साधने आता सहज मिळतात. दोहोंपैकी काहीही आढळले, तर पाणी बदलणे हाच पहिला उपचार. आमच्या त्या मॉलीचे शेपूट झिजण्याचे कारणही बहुधा चौदा माशांची दाटी आणि आठवडेच्या आठवडे न बदललेले पाणी हेच होते.

मुलीला मी पुढे हे सारे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले. आता दर रविवारी पाणी बदलण्याचे काम तिने स्वतःकडे घेतले आहे, आणि औषधाच्या बाटलीला माझा हात लागू नये म्हणून ती फडताळाच्या सर्वांत वरच्या खणात ठेवली आहे.