वंध्यत्वात गर्भाशयाच्या तपासण्या : पोकळी आणि बाह्य आकार

कागलच्या हिंदूराव घाटगे यांच्या बंगल्यावरून नाव पडलेले दिल्लीचे हिंदूराव रुग्णालय असो वा तुमच्या गावाजवळचे जिल्हा रुग्णालय, मूल होत नाही म्हणून आलेल्या स्त्रीच्या तपासणीची सुरुवात सहसा योनीमार्गे केलेल्या सोनोग्राफीने होते. फायब्रॉइडच्या गाठी, पॉलिप व अस्तराची जाडी तिच्यात दिसते.

बीजवाहिन्या मोकळ्या आहेत का, हे एचएसजीत कळते. गर्भाशयमुखातून आयोडीनयुक्त द्रव सोडून एक्स-रे काढतात. ही तपासणी पाळीच्या साधारण ६ ते १० व्या दिवसांत करतात, कारण तेव्हा गर्भ असण्याची शक्यता फार कमी असते. भारतात जननमार्गाच्या क्षयाच्या खुणाही येथे शोधाव्या लागतात.

मात्र लक्षात ठेवा, एचएसजीत फक्त आतली पोकळी दिसते. ती दुभंगलेली दिसली, तर गर्भाशयात पडदा असेल किंवा गर्भाशय द्विशृंगी असेल. फरक बाहेरून ठरतो. पडदा असल्यास माथा फुगीर किंवा सपाट असतो. द्विशृंगी गर्भाशयात त्यावर सहसा १ सेंमीहून खोल खाच असते. पडदा हिस्टरोस्कोपीने कापता येतो. द्विशृंगी गर्भाशयात तसेच कापल्यास गर्भाशयाला छिद्र पडू शकते.

म्हणून शस्त्रक्रियेचा निर्णय एकट्या एचएसजीवर घेऊ नये. आधी त्रिमितीय सोनोग्राफीने बाह्य आकार पाहावा. शंका उरल्यास एमआरआय करावा. दोन्हींत क्ष-किरण लागत नाहीत.