मुक्त प्रवेशाचे करार आणि प्रकाशकांमधील स्पर्धा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केंद्र सरकारची ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना जानेवारी २०२५ पासून अमलात आल्यावर, जळगावचे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ किंवा धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय यांसारख्या सरकारी संस्थांसाठी परदेशी शोधपत्रिका आता ‘मुक्त’ झाल्या, असा समज सहज होतो. तो खरा नाही. ही सामूहिक वर्गणी आहे. तीस प्रकाशकांच्या सुमारे १३,००० पत्रिकांसाठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून, इन्फ्लिबनेट या केंद्रीय संस्थेमार्फत ६,३०० हून अधिक सरकारी संस्थांना त्या वाचता येतात. ओपन ॲक्सेस, म्हणजे मुक्त प्रवेश, याचा अर्थ जगातील कोणालाही पैसे न भरता निबंध वाचता येणे असा आहे. येथे कुलूप तसेच राहिले, किल्ल्या तेवढ्या वाढल्या. मंजुरीच्या वेळी योजना सरकारी संस्थांपुरतीच असल्यामुळे शिरपूर-फैजपूरकडील खासगी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालये, जेथे संशोधनाची ओढ कमी नाही, तिच्या कक्षेबाहेर राहिली.

अशा सामूहिक करारांमुळे प्रकाशकांत चढाओढ लागून दर उतरतात, हा दुसरा गैरसमज अधिक खोलवर रुजलेला आहे. एक निबंध एकाच पत्रिकेत छापला जातो, त्यामुळे महागड्या पत्रिकेऐवजी स्वस्त पत्रिका घेऊन संशोधकाची गरज भागत नाही, आणि एकाची वर्गणी भरली म्हणून दुसऱ्याची टळत नाही. अशा या बाजारात २०१३ मध्ये जगातील निम्म्याहून अधिक शोधनिबंध पाच मोठ्या प्रकाशकांकडे होते. एकच मोठा ग्राहक उभा राहिला की घासाघीस करण्याची ताकद वाढते, हे खरे; परंतु घासाघीस ही ग्राहकाची ताकद आहे, विक्रेत्यांमधील स्पर्धा नव्हे.

जर्मनीच्या ‘डील’ करारांनी हा भेद स्पष्ट केला. तेथील संस्थांनी एकत्र येऊन विली (२०१९) आणि स्प्रिंगर नेचर (२०२०) या प्रकाशकांशी ‘वाचा आणि प्रकाशित करा’ या स्वरूपाचे करार केले. म्हणजे वर्गणीऐवजी प्रत्येक जर्मन निबंधामागे ठरावीक शुल्क, जे मिश्र स्वरूपाच्या (वर्गणीच्या, पण काही निबंध मुक्त ठेवणाऱ्या) पत्रिकांसाठी २,७५० युरो होते, आणि त्या बदल्यात वाचन व मुक्त प्रकाशन दोन्ही. एल्सव्हिअर या दुसऱ्या मोठ्या प्रकाशकाशी मात्र २०२३ पर्यंत समेट झाला नाही. रसायनशास्त्राचे निबंध तपासून युस्टुस हाउकाप आणि सहकारी अर्थतज्ज्ञांनी असे दाखवले की, जर्मन लेखक करारातील दोन प्रकाशकांकडे वळले आणि बाहेरच्यांचा वाटा घटला. शुल्क लेखकाच्या खिशातून जात नसल्याने त्याला दर दिसतच नाही, आणि शेकडो पत्रिका असलेल्या प्रकाशकाशीच असा करार करणे सोयीचे ठरते. लहान विद्वत्सभेच्या एकुलत्या पत्रिकेसाठी वाटाघाटीला कोण बसणार?

मुक्त प्रवेशाचे प्रकाशक जुन्या कंपन्यांचे प्रतिस्पर्धी आहेत, हेही आता अर्धेच खरे राहिले आहे. बायोमेड सेंट्रल २००८ मध्ये स्प्रिंगरने, एफ१००० रिसर्च २०२० मध्ये टेलर अँड फ्रान्सिसने आणि हिंदावी २०२१ मध्ये विलीने विकत घेतली. 

मुक्त म्हणजे लेखकाने पैसे भरायचेच, असेही नाही. ‘डायमंड’ पद्धतीत खर्च संस्था उचलते आणि लेखक-वाचक दोघांकडून काहीच घेतले जात नाही. ‘शोधगंगा’ या ऑनलाइन संग्रहावर भारतीय विद्यापीठांचे प्रबंध याच तत्त्वाने खुले आहेत. याउलट ‘नेचर’ने २०२१ पासून एका निबंधासाठी ९,५०० युरो आकारले. भारतीय योजनेतही निवडक मुक्त पत्रिकांचे लेखक-शुल्क भरण्यासाठी वर्षाला १५० कोटी रुपये ठेवले आहेत, आणि या ‘निवडक’ यादीत कोण बसते यावर स्पर्धेचा बराचसा निकाल ठरेल. धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ ‘संशोधक’ हे नियतकालिक चालवते. लेखक-शुल्काच्या हिशोबावर आधारलेल्या अशा तरतुदीत त्याच्यासारख्या मराठी प्रकाशनांना सहजासहजी जागा मिळत नाही. योजनेची मंजूर मुदत २०२७ अखेर संपते, तेव्हा फेरविचारात वर्गणीच्या रकमेइतकाच हा मुद्दाही मांडला जायला हवा.